वूचमधला एक रंगीत हॉल आणि तो रंगवणारा माणूस

पोलंड म्हटलं की घरचे सगळे वॉर्सा नाहीतर क्राकूवबद्दल विचारतात, वूचचं नाव कोणी घेत नाही, आणि मी राहते नेमकी तिथे. हे कापड गिरण्यांचं शहर. लाल विटांच्या प्रचंड गिरण्या, शेजारी कामगारांची घरं, आणि आता त्यातल्या एका मोठ्या गिरणीच्या जागी मॉल, म्हणजे आपल्या गिरणगावात झालं तसंच. पण इथे त्याच आवारात, जुन्या विणकाम खात्याच्या इमारतीत, मॉडर्न आर्टचं म्युझियम पण आहे. हे कलेक्शन ज्या माणसामुळे उभं राहिलं त्याच्याबद्दल मला कधीचं लिहायचं होतं.

व्वादिस्वाव स्त्शेमिन्स्की. जन्म १८९३, मिन्स्कचा. झारच्या सैन्यात इंजिनियर होता, १९१६ मध्ये आघाडीवर स्फोटात एक हात आणि एक पाय गेला, एका डोळ्याची नजर पण अधू झाली. आणि चित्रकलेकडे तो वळला त्याच्यानंतर! मॉस्कोच्या हॉस्पिटलात काताझिना कोब्रो भेटली, ती शिल्पकार, पुढे दोघांनी लग्न केलं, अमूर्त चित्रं काढणाऱ्या मालेविचच्या लोकांबरोबर काम केलं आणि १९२० नंतर पोलंडला आले.

त्याच्या विचाराला त्याने नाव दिलं युनिझम. चित्रात ओढाताण नको, एक भाग मोठा एक छोटा असं नको, गडद-फिकटची मारामारी नको, चौकटीच्या आतला प्रत्येक इंच सारख्या महत्त्वाचा. म्हणून त्याची १९३० च्या आसपासची चित्रं लांबून जवळजवळ एकाच रंगाची दिसतात, आणि जवळ गेलं की कळतं की रंगाचे बारीक उंचवटे एकाला एक लागून सगळीकडे पसरलेत, कुठे सुरुवात नाही कुठे शेवट नाही. मला तरी हे त्याचं सगळ्यात मोठं काम वाटतं. ज्याच्या स्वतःच्या शरीरावर युद्धाने एवढा घाव घातला त्याने चित्रातून भांडणच काढून टाकलं, हा संबंध मी लावतेय, त्याने असं काही म्हटलेलं नाही, पण त्या चित्रांसमोर उभं राहिलं की माझ्या डोक्यात हेच येतं.

आणि ते कलेक्शन! १९२९ मध्ये त्याने कोब्रो, चित्रकार हेन्रिक स्ताझेव्स्की आणि दोन कवी यांच्याबरोबर 'ए. आर.' नावाचा ग्रुप काढला, पैसे कोणाकडेच नव्हते, म्हणून युरोपभरच्या चित्रकारांकडे चित्रं भेट मागितली. लेजे, आर्प, माक्स अर्न्स्ट, व्हान डूसबुर्ग, अशांची कामं आली, फुकट, या गिरण्यांच्या गावाला. फेब्रुवारी १९३१ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. असं मॉडर्न कलेक्शन तेव्हा जगात मोजक्याच म्युझियममध्ये होतं.

युद्धानंतर, १९४८ मध्ये, म्युझियमचे डायरेक्टर मारियान मिनिख यांनी त्याला एक हॉल डिझाइन करायला सांगितला. भिंतींवर लाल, पिवळे, निळे, काळे, पांढरे, करडे आयत, त्यात कोब्रोची शिल्पं, म्हणजे हॉलच एक चित्र. दोन वर्षं टिकला. सरकारला तेव्हा फक्त कामगार-ट्रॅक्टरवाली समाजवादी चित्रं हवी होती, १९५० मध्ये मंत्र्याच्या हुकुमाने त्याला आर्ट स्कूलमधून काढलं, हॉल मोडला, चित्रं गोडाऊनमध्ये गेली. ज्या शाळेच्या उभारणीत तो स्वतः होता ती शाळा! टीबी झालेला, हातात काम नाही, डिसेंबर १९५२ मध्ये गेला बिचारा. 'पाहणं' या विषयावरची त्याची लेक्चर्स पुस्तक होऊन आली १९५८ मध्ये. हॉल १९६० मध्ये त्याचाच विद्यार्थी बोलेस्वाव उत्किनने पुन्हा रंगवला, आणि आज तो बघता येतो.

कोणी इकडे येणार असाल तर लक्षात ठेवा, हा हॉल म्युझियमच्या मॉलवाल्या इमारतीत नाही, म्युझियमच्याच दुसऱ्या इमारतीत, व्येंत्स्कोव्स्कियेगो रस्त्यावरच्या जुन्या बंगल्यात आहे, बरेच जण मॉलवरून परत जातात. आणि आत गेल्यावर भिंतींइतकाच वेळ कोब्रोच्या शिल्पांना द्या. तिची फार थोडी कामं उरलीत, युद्धाच्या हालात लाकडी शिल्पं तिने स्वतः चुलीत घातली, मुलीसाठी काहीतरी शिजवायला. नवऱ्याशी पण शेवटी फार कडवट झालं आणि १९५१ मध्ये ती त्याच्या आधी गेली. तिच्यावर वेगळं लिहायलाच हवं, पुढची पोस्ट तिचीच.