रोकड मोडीत काढायची घाई नको

आज आठवडे बाजारात संध्याकाळी यूपीआय अडकत होतं. सगळी गर्दी एकाच टॉवरवर आली की हे व्हायचंच. कोथिंबिरीची जुडी वीस रुपयांची आणि स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय.

'पेंडिंग' दिसलं की लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका, आधी खात्यातली शिल्लक बघा. पैसे कापले गेले पण पोचले नाहीत, तर व्यक्तीच्या खात्यावर पाठवलेले दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराच्या क्यूआरवर भरलेले ५ दिवसांत परत यायला हवेत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दिवसाला १०० रुपये भरपाई. पण भाजीवालीला पहाटे माल उचलायला पैसे लागतात, ती पाच दिवस कशी थांबणार?

पैसे आल्याचं बोलून सांगणारा दुकानातला साउंडबॉक्सही स्वतःच्या सिमवर चालतो. रेंज गेली की पैसे जमा होऊनही तो गप्प, आणि वाद सुरू.

किरकोळ खरेदीला यूपीआय लाइट, म्हणजे अ‍ॅपमधलं छोटं पाकीट, भरून ठेवा: ५,००० पर्यंत शिल्लक, एका वेळी १,०००, पिन लागत नाही. इंटरनेट नसेल तर फोनवर *९९# डायल करून पैसे पाठवायची सोय आहे.

तरीही माझं ठाम मत, रोकड राहिलीच पाहिजे. खिशात दहा-वीसच्या नोटा ठेवा. पाचशेची नोट बाजारात कुणी मोडून देत नाही.