गँगवे उघडण्यापूर्वी

मुरगाव बंदरात एका जहाज एजंटाच्या कार्यालयात मी सोळा वर्षे काम केले. जहाज येण्याआधी धक्का, जहाजाला बंदरात वाट दाखवणारा पायलट, ओढणारी टग बोट, पिण्याचे पाणी आणि कचऱ्याची गाडी यांची व्यवस्था करायची, जहाज लागले की कागद घेऊन वर चढायचे आणि कप्तानाच्या सह्या आणायच्या, असे ते काम. कोळशाच्या जहाजावर वीस-पंचवीस माणसे असतात आणि त्यांपैकी कोणालाच घाई नसते. ऑक्टोबर ते मे या काळात येणाऱ्या क्रूझ जहाजांवर मात्र हजार-दीड हजार प्रवासी असतात आणि दोर बांधले जाण्यापूर्वीच ते सगळे पिशव्या घेऊन गँगवेपाशी, म्हणजे उतरण्याच्या शिडीपाशी, रांगेत उभे राहिलेले असतात. जानेवारीतल्या एका सकाळी ही रांग आम्ही तीन तासांहून अधिक अडवून धरली होती, त्या दिवसाची ही हकिकत.

आदल्या संध्याकाळी मुंबईहून निघालेले ते जहाज साडेसहाला पायलट घेऊन आत येत होते. सात वाजण्याच्या सुमारास मी सड्यावरून बंदराकडे उतरत असताना जहाजाच्या सुरक्षा अधिकाऱ्याचा फोन आला. सातव्या डेकवरचा एक प्रवासी सापडत नव्हता. सांगलीकडचे सदुसष्ट वर्षांचे निवृत्त शिक्षक, बरोबर पत्नी. पत्नीने त्यांना पहाटे चारच्या सुमारास शेजारी झोपलेले पाहिले होते. सहा दहाला त्यांना जाग आली तेव्हा पलंग रिकामा होता, बाल्कनीचे दार अर्धे उघडे होते, खुर्चीवर चष्मा आणि खाली चपला होत्या. पहाटे उठून चहा शोधायची त्यांना सवय होती, म्हणून पत्नीने वाट पाहिली आणि पावणेसातला स्वागतकक्षात जाऊन सांगितले. जहाजाने नावाचा पुकारा केला, उत्तर आले नाही. कप्तानाने मुंबईच्या सागरी शोध व बचाव केंद्राला कळवले होते. बंदर नियंत्रण कक्ष आणि पोलीस यांना कळवण्याचे काम माझ्याकडे आले.

गाडीत बसल्या बसल्या मी हिशेब केला. चार ते सहा दहा म्हणजे दोन तास दहा मिनिटे. जहाज सोळा नॉट, म्हणजे ताशी सुमारे तीस किलोमीटर, वेगाने येत असेल, तर एवढ्या वेळात ते चौसष्ट किलोमीटर पुढे आलेले असते. माणूस पडला असलाच, तर तो चौसष्ट किलोमीटरच्या पट्ट्यात कोठेही असू शकतो, आणि दर तासाला वारा व प्रवाह तो पट्टा रुंद करत नेतात. तटरक्षक दलाकडे आता हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेने तयार केलेली संगणकप्रणाली आहे. वस्तू किंवा माणूस कोठे, किती वाजता पाण्यात गेला हे सांगितले की तो कोठवर वाहत गेला असेल याचा नकाशा ती काढून देते. पण तिला ठिकाण आणि वेळ द्यावी लागते. आमच्याकडे यांपैकी काहीच नव्हते.

धक्क्यावर आमचे पात्रांव, म्हणजे मालक, आधीच येऊन उभे होते. सासष्टीचे हे गृहस्थ एके काळचे तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे. वीसेक वर्षे परदेशी क्रूझ जहाजांवर काढून घरी परतल्यावर ते या धंद्यात आले. आमचे बोलणे कोकणीत चाले, ते इथे मराठीत देतो. जहाज लागत असतानाच ते मला म्हणाले, "पोलिसांना सांग, मोजणी झाल्याशिवाय गँगवेवरून एक माणूस खाली येता कामा नये."

"बाहेर बसगाड्या उभ्या आहेत. जुने गोवे, मंगेशी, सगळ्यांच्या वेळा ठरलेल्या आहेत," मी म्हणालो.

"उभ्या राहू देत. दार एकदा उघडलं की तो माणूस समुद्रात गेला की जमिनीवर, हे पुढं कुणालाच सांगता येणार नाही."

बंदर पोलिसांच्या अधिकाऱ्यालाही ते पटले आणि कप्तानानेही, थोडी कुरकुर करून, मान्य केले. पाऊण तासाने, पावणेआठला जहाज बांधले गेले तेव्हा गँगवे लागला, पण त्यावरून आम्हीच फक्त वर गेलो.

काकू स्वागतकक्षाशेजारच्या छोट्या खोलीत बसल्या होत्या. त्यांच्या मुठीत तो चष्मा होता. "ह्यांना चष्म्याशिवाय जिनाही दिसत नाही, बाळा," एवढेच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मी टिपणवही काढली. पोलिसांसाठी पहिली टिपणे आम्हीच घेतो, कारण जहाजावरच्या अधिकाऱ्यांना मराठी येत नाही आणि घाबरलेली माणसे इंग्रजीत बोलत नाहीत.

पुढच्या दोन तासांत मी जे लिहून घेतले ते आजही माझ्याकडे आहे. शेजारच्या केबिनमधल्या एका बाईंनी सव्वाआठला सांगितले की पहाटे पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. नऊ वाजता त्याच बाईंनी पोलिसांना सांगताना आवाजाआधी एक ओरडणे होते. साडेनऊला त्या ओरडण्यात दोन माणसांचे आवाज होते. एका तरुणाने पांढऱ्या सदऱ्यातला म्हातारा कठड्याच्या खालच्या दांडीवर पाय ठेवून उभा असलेला पाहिला होता, तो खाली उतरला का, असे मी विचारल्यावर तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "नाही, मग तो दिसलाच नाही." कोणी त्यांना मध्यरात्री कॅसिनोच्या दारात एका माणसाशी वाद घालताना पाहिले होते. कोणी दिवे विझवलेली मासेमारी होडी जहाजाला खेटून जाताना पाहिली होती. धक्क्यावरच्या टॅक्सीवाल्यांपर्यंत बातमी गेली होतीच, आणि तिथे तर म्हातारा जुगारात हरला हे ठरूनही गेले होते. यांतले कोणीही खोटे बोलत होते असे मला तेव्हा वाटले नाही, आताही वाटत नाही.

कॅमेऱ्यांचे चित्रण सुरक्षा अधिकारी पाहत होता. त्या बाजूच्या कॅमेऱ्याच्या काचेवर खारे पाणी वाळून पांढरा थर बसला होता, आणि पहाटेच्या अंधारात त्यातून कठड्याच्या दिव्यांचे गोळे तेवढे दिसत होते. पात्रांव माझ्या खांद्यावरून ते पाहत होते. तिथेच, कॉफीचा कागदी पेला हातात धरून, त्यांनी मला १९९८ सालची गोष्ट सांगितली.

त्या वर्षी ते कॅरिबियन समुद्रात दुसऱ्या एका जहाजावर वाढप्याचे काम करत होते. २१ मार्चला पोर्तो रिकोतल्या सान हुआनहून 'रॅप्सडी ऑफ द सीज' हे जहाज निघाले. त्यावर आईवडील आणि भावासह आलेली २३ वर्षांची एक अमेरिकन मुलगी होती. तिचे नाव जगभर छापून आले आहे, पण ते ऐकले की लोकांना तिच्याऐवजी तिच्याविषयीच्या कथाच आठवतात, म्हणून मी ते लिहीत नाही. २४ मार्चच्या पहाटे अरुबाहून कुरासावकडे जाताना, साधारण सव्वापाच ते साडेपाचच्या दरम्यान, वडिलांनी तिला केबिनच्या बाल्कनीत आरामखुर्चीवर पाहिले. सहा वाजता ती तिथे नव्हती. चपला होत्या, सिगारेटी आणि लायटर नव्हते. प्रवाशांना उतरू देऊ नका, अशी विनवणी घरच्यांनी केली. पण जहाज कुरासावच्या विलेमस्टॅड बंदराला लागले आणि जहाजभर नावाचा पुकारा झाला तो बरेच प्रवासी उतरून गेल्यावर. शोध काही दिवस चालला. काही सापडले नाही.

"आम्ही सगळे तारवटी वर्षभर तेच बोलत होतो," पात्रांव म्हणाले. "ज्याला विचाराल त्याची वेगळी कथा."

मी नंतर ते प्रकरण मिळेल तेवढे वाचले. ती तोल जाऊन पडली असे म्हणणारे आहेत, आणि मला स्वतःला तेच सगळ्यांत शक्य वाटते: रात्रभर जागी, थोडी प्यालेली, हलत्या जहाजावर, काठाला लागून. त्यावर दुसरी बाजू सांगते की ती शिकलेली जीवरक्षक होती, किनारा जवळ होता आणि मृतदेह कधीच मिळाला नाही. पण एवढ्या उंचीवरून पाण्यावर आपटल्यावर पोहण्याचे कौशल्य उपयोगी पडेलच असे नाही, आणि कॅरिबियन प्रवाह पश्चिमेला, बेटांपासून दूर, वाहतो. तिने स्वतःहून उडी घेतली, हे घरच्यांनी कधी मान्य केले नाही. नवी नोकरी, नवे घर असे सगळे तिच्यापुढे होते. जहाजावरच कोणी घात केला, हा संशय रात्री तिच्याबरोबर नाचलेल्या एका वादकावर गेला, पण पुरावा उभा राहिला नाही. आणि चौथी कथा, जी सगळ्यांत जास्त पसरली, ती अशी की तिला जिवंत उतरवून विकले गेले. त्याच ऑगस्टमध्ये कुरासावच्या किनाऱ्यावर कॅनडाच्या एका पर्यटकाने तिला अंगावरच्या गोंदणावरून ओळखल्याचे सांगितले. अमेरिकी नौदलाचा एक खलाशी म्हणाला की १९९९ मध्ये तिथल्याच एका वेश्यालयात एका स्त्रीने तिचे नाव सांगून त्याच्याकडे मदत मागितली होती. माझ्या वहीतली पाने समोर ठेवून मी हे सगळे वाचत होतो, त्यामुळे या साक्षी मी कदाचित जरा जास्तच कठोरपणे तोलल्या असतील. एवढे मात्र नोंदलेले आहे की तिला सोडवून आणतो असे सांगणाऱ्या एका भामट्याने घरच्यांकडून आणि बेपत्तांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेकडून मिळून दोन लाख डॉलरांहून अधिक उकळले आणि त्याला शिक्षा झाली. २०१० मध्ये कायद्याने ती मृत ठरली. तरीही अमेरिकेच्या एफबीआयने माहिती देणाऱ्यास पंचवीस हजार डॉलरांचे बक्षीस लावले आहे.

२०१० मध्येच अमेरिकेने क्रूझ जहाजांच्या सुरक्षेचा कायदा केला. कठडा किमान ४२ इंच हवा, केबिनच्या दाराला बाहेर पाहायचे भोक हवे, गुन्हे आणि बेपत्ता माणसे यांची माहिती दडवता कामा नये, अशी त्यातली कलमे आहेत. माणूस पडताच इशारा देणारी यंत्रणाही त्यात आहे, पण 'तंत्रज्ञान उपलब्ध असेल तेथवर' अशा शब्दांत.

आमच्या जहाजावर नऊ वाजता मोजणी सुरू झाली. पात्रांवांनी ती जुन्या पद्धतीने करायला लावली: नुसते कार्ड यंत्राला लावायचे नाही, माणसाने समोर यायचे, पडद्यावरचा फोटो आणि चेहरा जुळला की यादीवर खूण. लोक संतापले होते. एका गृहस्थाने मला माझे नाव विचारून लिहून घेतले. शोधपथकाने दरम्यान भांडारे, लिफ्टचे खड्डे, लाइफबोटी, अगदी कपडे धुण्याची जागाही पाहिली होती. जहाजाच्या दवाखान्यात त्यांनी सातला आणि पुन्हा साडेआठला विचारले होते: ७१४६ मधला कोणी आला आहे का? दवाखान्यातल्या माणसाने दोन्ही वेळा नोंदवही पाहिली आणि नाही म्हणून सांगितले.

दहा वीसला मोजणी संपली तेव्हा यादीत एकच नाव उरले होते, ते मास्तरांचे. काकूंना सांगायला कोणी जायचे यावर आम्ही एकमेकांकडे पाहत असताना पात्रांवांनी दवाखान्याची नोंदवही मागवली. "आजारी माणसं इथं येऊन मोजली गेली नसतील. त्यांची नावं बघू."

नोंदवहीत रात्रीच्या पाळीचा एकच रुग्ण होता. पहाटे पाच दहा, वरच्या डेकवर चक्कर, साखर कमी, ग्लुकोज दिले, झोप. नावाच्या रकान्यात घाईने लिहिलेले, न लागणारे एक पहिले नाव होते. केबिन: ७१६४. सुरक्षा अधिकारी यादीवर बोट फिरवत म्हणाला की ७१६४ मध्ये पुण्याचे एक नवविवाहित जोडपे आहे, आणि दोघेही तासापूर्वी मोजले गेले आहेत.

मग खाटेवर कोण होते?

आम्ही अक्षरशः धावत खाली गेलो. मास्तर पडद्याआड शांत झोपले होते, हाताला सलाईनची सुई, पायात जहाजाच्या कापडी सपाता. चहा शोधायला म्हणून ते चष्म्याशिवाय बाहेर पडले होते, उघड्या डेकवर त्यांना भोवळ आली, डेक धुणाऱ्या मुलाने त्यांना खाली आणले, आणि त्यांनी पुटपुटलेला आकडा लिहिताना उलटा झाला. परिचारिकेने ७१६४ ला फोनही केला होता, पण तिथे कोणी उचलला नाही. सहाला पाळी बदलली. नव्या पाळीने वही पाहिली, खाट पाहिली नाही. पुकाऱ्याचा कर्णा त्या खोलीत रुग्णांसाठी बंदच ठेवलेला असतो.

काकूंनी आधी त्यांच्या डोळ्यांवर चष्मा चढवला आणि मग रागावल्या. मास्तर म्हणाले, "अगं, चहा कुठं मिळतो ते तरी विचारलंस का?"

दहा पन्नासला तटरक्षक दलाला कळवून शोध थांबवला गेला आणि गँगवे खुला झाला. मी खाली उभा राहून उतरणाऱ्यांच्या तक्रारी ऐकत होतो. शेजारच्या केबिनमधल्या बाई माझ्यापाशी थांबल्या. त्या खूश होत्या, मास्तरांना भेटून आल्या होत्या.

"काका सापडले ही देवाची कृपा," त्या म्हणाल्या. "पण दादा, पहाटे पाण्यात कुणीतरी पडलं होतं हो. मी ऐकलंय ते खोटं नाही."

मी नेहमीचे काहीतरी समजुतीचे बोलणार होतो. मग माझ्या लक्षात आले की आम्ही प्रवासी मोजले होते, कर्मचारी मोजले नव्हते. मी पात्रांवांकडे पाहिले. त्यांनीही ते ऐकले होते. ते काही न बोलता गँगवे पुन्हा चढू लागले.

स्वयंपाकघर, इंजिनघर, धुलाई, सगळीकडची माणसे आपापल्या जागी उभी करून, तोंड पाहून मोजायला सव्वा तास लागला. सव्वाबाराला शेवटची खूण झाली. सगळे होते. बाईंची बस एव्हाना मंगेशीला पोचली असणार.