मिसळ की मसिळ 😄

आज राजारामपुरीत मावसभावाच्या मिसळीच्या गाड्याचा फ्लेक्स करायला बसलो, त्याला म्हटलं ते जाडजूड सरकारी अक्षर नको गड्या, आणि गुगल फॉन्ट्सवरनं 'कलम' नावाचा फॉन्ट उतरवला, फुकट हाय, लाईट रेग्युलर बोल्ड तिन्ही जाडीत, पेनानं जरा तिरकं लिहिल्यागत अक्षर, मराठी इंग्रजी दोन्ही. लय गोड दिसतंय!
पण फ्लेक्सवाल्याच्या जुन्या सॉफ्टवेअरात टाकलं आणि पहिली वेलांटी म ला सोडून स च्या डोक्यावर जाऊन बसली, झालं 'मसिळ'. भाऊ म्हणतोय असू दे की, नवीन आयटम म्हणून खपंल. शेवटी माझ्या लॅपटॉपवर अक्षरं आउटलाईन करून, म्हणजे चित्रागत आकार करून, पीडीएफ दिली. 'जादा कट मागून घ्या' मात्र बोल्डमध्येच पायजे म्हणाला भाऊ, तिथं काय ऐकंना.