तर्जनीचे १० टक्के

आमच्या आजोबांना उजवी तर्जनी नव्हती. १९३१ साली लालबागच्या एका गिरणीत, त्रासनखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, चालू मशीन पुसताना दातेरी चाकात गेली. "बंद करू नको, तसंच पूस," असं जॉबरनेच, म्हणजे खात्याच्या मुकादमानेच, सांगितलेलं. बोट गेल्यावर तोच म्हणाला, "हात तूच घातलास ना?" पंधरा रुपये हातावर ठेवले आणि कागदावर अंगठा घेतला. अंगठा शाबूत होता, म्हणून बरं!

मी परळला एका कामगार वकिलांकडे एकवीस वर्षं टायपिंग केलं. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याचं मूळ परिशिष्ट तिथेच एका जुन्या पुस्तकात वाचलं. माणसाचा दरतक्ताच तो! उजवा हात कोपरापासून गेला तर ७० टक्के, डावा गेला तर ६०. (मी डावखुरी. माझं नुकसानच.) एक डोळा ३०, अंगठा २५, तर्जनी १०. कायमचा पूर्ण निकामी झालेल्याला ४२ महिन्यांचा पगार, पण ३५०० रुपयांच्या वर नाही; बोटाला त्यातले टक्के.

आजोबांचा पगार तीस रुपये. जेवणाच्या सुट्टीत हिशेब मांडला: बेचाळीस गुणिले तीस, १२६०. त्याचे दहा टक्के, १२६. दोनदा तपासला.

चूक कोणाची, हा प्रश्नच त्या कायद्यात गौण होता. कामावर असताना, कामामुळे अपघात झाला की मालक देणं लागतो. दारू प्यायलेला असेल किंवा सुरक्षेचा स्पष्ट नियम मुद्दाम मोडला असेल, तर गोष्ट वेगळी. नुसता हलगर्जीपणा आड येत नाही. त्याआधीच्या १८५५ च्या कायद्यात तसं नव्हतं. तो माणूस मेल्यावरच कामाचा, आणि वर मालकाची चूक घरच्यांनी सिद्ध करायची. नवा कायदा १ जुलै १९२४ पासून लागू होता. म्हणजे आजोबांचं बोट जाण्याआधी सात वर्षं. आणि कलम १७ प्रमाणे हक्क सोडल्याचा कागद मुळातच रद्दबातल. अंगठा असला तरी.

हे मला कळलं तेव्हा आजोबा जाऊन दहा वर्षं झाली होती. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तेव्हा भरपाई मागायला आयुक्ताकडे गेले असते तर दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं असतं का?"

त्या पंधरा रुपयांतून आजीने तांब्याचा हंडा घेतला होता. तो अजून आमच्या पोटमाळ्यावर आहे. गणपतीत काढते, चिंचेने घासते. काठाला एक पोचा आहे, तो मात्र माझ्या हातून पडून आलेला.