राणीच्या बागेचं कार्ड नेमकं कधीचं?

"व्हिक्टोरिया गार्डन्स, बॉम्बे" असं छापलेलं जुनं पिक्चर पोस्टकार्ड हाती आलं की विकणारा बेधडक "१९०० सालचं" म्हणतो. कार्डाला मात्र तीन तारखा असतात: फोटो काढला ती, छापलं ती आणि टपालात पडलं ती. त्यांच्यात दहा-दहा वर्षांचं अंतर सहज निघतं, कारण छापणारे जुनीच निगेटिव्ह वर्षानुवर्षं वापरत.

आधी मागची बाजू बघा. मधोमध उभी रेघ नसेल, अख्खी बाजू पत्त्यालाच असेल, तर कार्ड जुन्या पद्धतीचं. मजकूर आणि पत्ता एकाच बाजूला लिहायला इंग्लंडने १९०२ साली परवानगी दिली. १९०६ च्या रोमच्या टपाल परिषदेनंतर ही रीत जगभर रुळली. म्हणून रेघ असलेल्या कार्डाला "एकोणिसाव्या शतकातलं" म्हणणाऱ्याला हसून सोडून द्यावं. "प्रिंटेड इन सॅक्सनी" किंवा "जर्मनी" असेल तर ते बहुधा १९१४ च्या आधीचं. महायुद्धात तिकडची छपाई आपल्याकडे येणं थांबलं.

मग तिकीट. सातव्या एडवर्डची तिकिटं १९०२ पासूनची, पाचव्या जॉर्जची १९११ पासूनची. देशातल्या कार्डाला १९२२ पर्यंत पाव आणा लागे, म्हणजे एक पैसा. पुढे अर्धा आणा झाला. परदेशी जाणाऱ्याला एक आणा. शिक्का पुसट असला तरी एवढ्यावरून अंदाज बांधता येतो. पण तिकीट पाण्यात भिजवून काढू नका. शिक्क्याचा अर्धा भाग तिकिटावर असतो, तो गेला की पुरावाच गेला.

चित्रातली बाग तर जास्तच बोलकी. १९ नोव्हेंबर १८६२ ला लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती खुली झाली. त्याआधी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग शिवडीला होती; पुढे ती जागा दफनभूमीला गेली. शेजारचं म्युझियम १८७२ चं, आजचं भाऊ दाजी लाड संग्रहालय. ते उभारण्यात भाऊ दाजी, जगन्नाथ शंकरशेट आणि जॉर्ज बर्डवूड यांचा हात होता. त्याच्या पुढ्यात डेव्हिड ससून यांच्या नावाचा घड्याळाचा मनोरा आहे. हे दोन्ही दिसले म्हणून तारखेला फारशी मदत होत नाही, कारण फोटोची पोस्टकार्डं निघू लागली तेव्हा ते कधीचेच उभे होते.

खरा साक्षीदार म्हणजे दगडी हत्ती. घारापुरीचा हा हत्ती १८६४ साली इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना तो पडून फुटला आणि तुकडे या बागेत येऊन पडले. १९१४ साली कॅडेल आणि ह्युएट यांनी ते जोडले. कार्डावर अख्खा हत्ती दिसला तर फोटो १९१४ नंतरचा, मागे काहीही छापलेलं असो. काळ्या घोड्यावरचा राजा, म्हणजे सातव्या एडवर्डचा पुतळा, झाडांत उभा दिसला तर १९६५ नंतरचा, कारण तोवर पुतळा फोर्टमध्ये होता.

रंगांवर मात्र विश्वास ठेवू नका. काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हवर परदेशातला कारागीर अंदाजाने रंग चढवी. गुलाबी वाट, निळंशार आकाश ही त्याच्या मनची बाग. दहापट भिंगातून बघा: कोलोटाइप पद्धतीच्या छपाईला वेडावाकडा बारीक कण दिसतो, हाफटोन पद्धतीच्या छपाईला रांगेतले ठिपके. रंग ठिपक्यांच्या गुच्छांचा असेल आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली कागद निळसर पांढरा चमकत असेल, तर तो नव्या पुनर्मुद्रणाचा कागद. तसं चमकणारं रसायन साधारण १९५० नंतर कागदात सर्रास आलं.

जपायला पॉलिएस्टरचं पाकीट घ्या. पीव्हीसीचं नको, ते घाम सोडतं आणि शाई ओढून घेतं. मुंबईच्या दमट हवेत डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पावसाळ्यात ती बदलत राहा, नाहीतर कार्डावर तांबूस डाग पडतात आणि ते निघत नाहीत. मागे काही नोंद करायची असेल तर मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने.