आधी काय दळलं होतं?

कूलरच्या समोरच्या झडपा एकाच वेळी डावीकडे-उजवीकडे फिरवणारी बोटभर लांबीची एक पट्टी असते. ती तुटली, की सगळा वारा एकाच दिशेला, आणि तोही बहुधा भिंतीकडे, वाहू लागतो. मराठवाड्यातल्या एप्रिल महिन्यात ही तक्रार किरकोळ राहत नाही. बाजारात चौकशी केली तेव्हा सुटी पट्टी मिळत नाही, पुढची सगळी जाळीच घ्यावी लागेल, असे ऐकावे लागले. आणि निव्वळ त्या उत्तराच्या रागातून मी, आयुष्यभर मराठी शिकवत आलेली बाई, आमच्या विद्यापीठातल्या मेकरस्पेसची, म्हणजे थ्री-डी प्रिंटरसारखी यंत्रे सगळ्यांना वापरायला ठेवलेल्या जागेची, पायरी चढले. पाटीवर 'मेकरस्पेस' असे लिहिलेले असले, तरी विद्यार्थी त्या जागेला 'लॅब' म्हणतात आणि तिथली यंत्रे सांभाळणारे मामा 'वर्कशॉप' म्हणतात. मामांनी अनेक वर्षे वाळूजच्या एका कारखान्यात लेथवर काढलेली आहेत, त्यामुळे त्यांचा शब्द मला अधिक विश्वासाचा वाटतो.

पट्टीचे माप मी घरून फूटपट्टीने घेऊन गेले होते. मामांनी ते न बघताच तुटलेला तुकडा मागून घेतला आणि व्हर्नियर कॅलिपरने मोजून लांबी ८२ मिलिमीटर, भोके ३ मिलिमीटरची, असे सांगितले. मात्र संगणकावर भोक ३.२ चेच काढा, कारण छापून निघालेले भोक नेहमी थोडे आवळलेले येते, असेही बजावले. आराखडा एका विद्यार्थ्याने दहा मिनिटांत काढून दिला. मला वाटले, आता बटण दाबायचे आणि पट्टी हातात यायची. प्रत्यक्षात थ्री-डी प्रिंटर म्हणजे उष्णतेवर चालणारा, अतिशय सावकाश असा शेवयांचा सोऱ्या आहे. पावणेदोन मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची तार सुमारे दोनशे अंश तापलेल्या नोझलमध्ये, म्हणजे तोटीत, वितळते, ०.४ मिलिमीटरच्या छिद्रातून धाग्यासारखी बाहेर येते आणि खालच्या तापलेल्या पाटावर थरावर थर बसत जातो. एकेक थर ०.२ मिलिमीटरचा. पीएलए नावाचे हे प्लास्टिक मक्याच्या स्टार्चपासून किंवा उसाच्या साखरेपासून करतात हे कळल्यावर, कन्नड-सिल्लोडचा मका आठवून मला उगाचच आपुलकी वाटली. त्याचा एक दोष मात्र आपल्याकडे लगेच उघडा पडतो. साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडते, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या डॅशबोर्डवर तेवढी उष्णता सहज होते. एका सहकाऱ्यांनी हौसेने छापून घेतलेला मोबाइलचा स्टँड दुपारपर्यंत नमस्कार घालून बसला होता.

मला पट्टी पांढरी हवी होती. मामांनी प्रिंटरमधली काळी तार काढली, पांढरी घातली आणि काही न छापता नुसतीच ती पुढे ढकलू लागले. नोझलमधून आधी काळा धागा आला, मग राखाडी, मग मळकट पांढरा. "मॅडम, थोडी वाया जाऊ द्या, आतमध्ये आधीच्याची आहे," असे ते म्हणाले, आणि त्या एका वाक्याने मी पैठण तालुक्यातल्या आमच्या गावच्या पिठाच्या गिरणीत जाऊन उभी राहिले.

लहानपणी ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत जाणे हे माझ्याकडे असलेले काम होते, आणि निघताना आईची सूचना ठरलेली असे: "ज्वारीवर ज्वारी घाल म्हणावं. आधी काय दळलं होतं ते विचार." गिरणीचे दगड सगळ्या गावाचे एकच. आधीच्या बाईने बाजरी दळलेली असली, की आपल्या पिठात तिची काळपट छटा उतरायची आणि घरी पहिल्या भाकरीलाच ते आईच्या लक्षात यायचे. हरभऱ्याच्या डाळीवर तर गहू घालायचाच नाही, असा जवळपास धर्मच होता. नवरात्राच्या आधी भगर किंवा राजगिरा दळायचा असे तेव्हा गिरणीवाला दगड झाडून-पुसून घेई आणि त्या दिवशी दुसरे धान्य आत येऊ देत नसे. एरवी त्याची पद्धत सोपी होती: नव्या धान्याची पहिली मूठ दगडातून काढून बाजूच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. त्या डब्यातले सरमिसळ पीठ कुणाच्या म्हशीला जात होते, हे मला कधीच कळले नाही. प्रिंटरखाली राखाडी धाग्यांचा गुंता साचत चाललेला पाहताना मला तोच डबा दिसत होता.

एका यंत्रावर अनेकांचे काम निघावे, ही कल्पना आमच्या शहराला नवी नाही. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली पाणचक्की, दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेल्या पाण्यावर, तिथे उतरणाऱ्या फकिरांचे आणि यात्रेकरूंचे धान्य दळत असे. अलीकडचा दाखला पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा आहे. डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या साहाय्याने फॅब लॅब, म्हणजे अशीच सामायिक यंत्रांची कार्यशाळा, उभी राहिली, ती भारतातली पहिली. म्हणजे ही आधुनिक कल्पना आपल्याकडे शिरली तीही एका खेडेगावाच्या वाटेने, याचे मला फार बरे वाटते.

मामांचा खरा जीव मात्र प्रिंटरवर नसून लेझर कटरवर, म्हणजे प्रकाशाच्या झोताने पदार्थ जाळत कापणाऱ्या यंत्रावर, आहे. कुठला पदार्थ त्याच्या पुढ्यात ठेवायचा यावर त्यांची नजर गिरणीवाल्याहून कडक असते. एकदा एक विद्यार्थिनी वहीच्या आवरणासाठी रेक्झिनचा तुकडा कापायला घेऊन आली. मामांनी वाद घातला नाही. तांब्याची तार पक्कडीत धरून त्यांनी गॅसच्या ज्योतीवर लाल केली, रेक्झिनला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत लख्ख हिरवी झाली. हिरवी ज्योत दिसली म्हणजे त्या पदार्थात क्लोरीन आहे, म्हणजे तो पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकचा आहे, हे धरून चालायचे. लेझरने ते जाळले, की हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो, तो छातीत जातो आणि हवेतल्या दमटपणाशी मिळून आम्ल होऊन यंत्राच्या रुळांवर गंज धरवतो. कापणारी मुलगी आवरण घेऊन घरी जाते आणि गंजलेल्या रुळांवर अडखळणारे यंत्र महिन्याभराने भलत्याच कुणाच्या तरी वाट्याला येते. ड्रिलच्या चकची, म्हणजे पाते पकडणाऱ्या तोंडाची, किल्ली यंत्राला साखळीने का बांधली आहे, हे त्या मानाने लवकर समजते. चकमध्ये विसरलेली किल्ली यंत्र सुरू होताच बंदुकीच्या गोळीसारखी सुटते आणि त्या वेळी समोर पुढचा माणूस उभा असतो. खंडेनवमीला या सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लागते, झेंडूची माळ पडते आणि त्या दिवशी कुणी त्यांना हात लावत नाही. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर प्रिंटर अडकत का होता, तर त्याच्या पट्ट्यात झेंडूची पाकळी गेली होती.

दाराशी एक नोंदवही आहे. नाव, वेळ, साहित्य, आणि शेवटचा रकाना 'बिघाड असल्यास'. वर्षभराची पाने मी चाळली, तेव्हा त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द दिसला: 'निरंक'. सरकारी कागदांनी आपल्याला शिकवलेला हा शब्द फार सोयीचा आहे, आणि पुढच्याच आठवड्यात त्याची सोय मलाही लागली.

पहिली पट्टी उत्तम बसली होती, म्हणून मी शेजारणीच्या कूलरसाठी दुसरी छापायला एकटीच गेले. छपाईआधी नोझल आणि पाट यांच्यामध्ये साधा कागद सरकवून बघायचा असतो. तो किंचित अडखळत सरकला, म्हणजे अंतर बरोबर आहे असे समजायचे. माझ्याकडून पाटाचा स्क्रू जरा जास्त फिरला. नोझल डाव्या कोपऱ्यात टेकले आणि पाटावरच्या पत्र्यावर चंद्रकोरीएवढा ओरखडा काढून पुढे गेले. आवाज फार झाला नाही. मी अंतर पुन्हा जुळवले, पट्टी उजव्या बाजूला छापली, सहा ग्रॅम साहित्याची नोंद केली आणि शेवटच्या रकान्यात, हात जराही न थांबता, 'निरंक' लिहून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी माझी विसरलेली पाण्याची बाटली घ्यायला गेले, तेव्हा वनस्पतिशास्त्राची एक मुलगी रडकुंडीला आलेली होती. रोपांच्या ट्रेची सात तासांची छपाई तिने लावली होती. पाचव्या तासाला डावा कोपरा पाटावरून सुटून वर वळला आणि पुढचे सगळे थर हवेत धाग्यांचे जाळे विणत राहिले. यंत्रच खराब आहे, असे ती म्हणत होती. मामांनी काहीच उत्तर दिले नाही. त्यांनी पाटावरचा पत्रा काढला, उजेडात तिरपा धरला आणि त्या चंद्रकोरीवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी नोंदवहीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले नाही, आणि गिरणीत शोभावा असा प्रश्न सगळ्या खोलीला विचारला: "आधी कोण होतं?"

मी होते, असे मी सांगितले. मुलीची वाया गेलेली तार मी भरून दिली. तिचे पाच तास भरून देण्याचा उपाय मला सापडला नाही. संध्याकाळी खोली रिकामी झाल्यावर आदल्या दिवसाच्या माझ्या ओळीतला 'निरंक' खोडून मी लिहिले: 'पाटाच्या डाव्या कोपऱ्यात ओरखडा, चूक माझी. छपाई उजवीकडे घ्यावी.' पुढच्या सोमवारी सहज वही उघडली. माझ्यानंतर चार जण येऊन गेले होते आणि चौघांच्याही रकान्यात सुबक अक्षरात 'निरंक' होते. फक्त तिसऱ्याने त्याच्यापुढे, जागा उरली होती तेवढ्यात, बारीक अक्षरात लिहिले होते, 'उजवीकडे घेतली.'