अवतरणचिन्हातली आजी

नागपुरात महाल भागातल्या एका शाळेत मी सहावीला मराठी शिकवते. सारांश लिहा म्हटलं की निम्मी मुलं उतारा जसाच्या तसा उतरवायची, उरलेली 'आणि मग, आणि मग' करत शेवट गाठायची. मूळ मजकुराच्या एक तृतीयांशात लिहायचं, हा नियम सगळ्यांना पाठ. गाळायचं काय, ते कोणालाच उमगत नव्हतं.

म्हणून सारांश काही दिवस बाजूला ठेवला. फळ्यावर फक्त 'पाऊस आला' लिहिलं. एकाने पूर्णविराम दिला, एकीने प्रश्नचिन्ह, एकाने उद्गारचिन्ह, आणि ज्याने जे दिलं त्याने ते तसंच वाचून दाखवायचं. इथला मे महिना सोसलेल्या पोरांना उद्गारचिन्ह समजावावं लागलं नाही. जुन्या मोडी कागदांत शब्दही न तोडता सलग लिहीत, विरामचिन्हं मराठीत आणण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर कँडींना देतात, हे सांगितल्यावर एकाने विचारलं, "मग लोक दम कुठे घ्यायचे?" तेव्हापासून आमच्या वर्गात स्वल्पविरामाला 'दम' म्हणतात.

मग तान्ह्या पोळ्यावर, म्हणजे पोरं लाकडी बैल मिरवतात त्या सणावर, गोष्ट लिहायला दिली. एका मुलीच्या गोष्टीत लाकडी बैलाचं शिंग मोडतं आणि आजी विचारते, "काहून रडून राहिली वं?" ते खोडून तिने वर 'तू का रडत आहेस?' लिहिलं होतं. फार वाईट वाटलं. घरची बोली खोडायची सवय तिला शाळेनेच लावली होती. मी म्हटलं, "अवतरणचिन्हांच्या आत आजीला तिच्यासारखंच बोलू दे. लेखक हेच करतात. माणूस कुठलं, किती मायेचं, ते त्याच्या बोलण्यातूनच कळतं."

पुढच्या तासाला त्याच गोष्टीचा सारांश सगळ्यांनी मिळून केला. संवाद गेले, अवतरणचिन्हं गेली. फळ्यावर उरलं: 'बैलाचं शिंग मोडल्याने नात रडते. आजी ते चिकटवून देते.' बरोबरच होतं.

ती मुलगी बराच वेळ फळ्याकडे बघत होती. "मॅडम, गोष्ट पुरी आली. पण माही आजी नाही आली."

मी तिला मूळ गोष्ट मोठ्याने वाचायला लावली. 'वं' तिने असा काही लांबवला, की मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "माह्या आजीसारखंच!"